सैतानांच्या घरी संकासुर

ग्रोनिंगन, १९ जानेवारी

दादा,

बाबा मला काउनसमध्ये भेटले.

वेड लागलेलं नाही मला. पुढचं वाच, म्हणजे कळेल. आणि वर ‘साष्टांग नमस्कार’ का नाही असं मनात आलं असेल, तर तो विसरलेला नाही, गाळलेला आहे. गेल्या गणपतीपासून तू मला फोनवर ब्लॉक केलंयस. तुझ्या आम्स्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्टमधल्या घराच्या दाराला पत्रं टाकायची फट आहे, ती काही तुला बंद करता येत नाही. म्हणून हे हाताने लिहिलेलं, मराठीत. तुझ्या आर्याला मराठी समजतं पण वाचता येत नाही, आणि मीनलवहिनी तुझी पत्रं उघडत नाही. म्हणजे हे सध्या तरी तुझ्यामाझ्यात राहील.

लिथुआनियात काउनसला आमची पाणी-शुद्धीकरणाची परिषद होती. सतत गाळ आणि फिल्टर, शेवटच्या दिवशी दुपार मोकळी मिळाली. बर्फ भुरभुरत होतं. दोन्ही बाजूंना लिंडेनची झाडं असलेला, गाड्यांना बंदी असलेला तो लांबलचक रस्ता मी पार केला. युद्ध-संग्रहालयाच्या मनोऱ्यातल्या घंटा वाजत होत्या, लोक थांबून ऐकत होते, मीही थांबले. पुढच्या गल्लीत समोरासमोर दोन संग्रहालयं आहेत. एक चित्रांचं, मोठं नावाजलेलं. दुसरं सैतानांचं. मी चित्रं बघायला निघाले होते, पण आमच्या गटातले लोक म्हणाले, सैतान बघू, चित्रं काय सगळीकडेच असतात. मला कुठे माहीत होतं, की आत माझ्या घरचं माणूस उभं आहे.

तुला त्या जागेचं वर्णन करायला नको. तू जाऊन आलायस. पण मी काय बघितलं ते सांगते. एका चित्रकाराने छंद म्हणून जमवलेले सैतान, त्यात पुढे लोकांनी घातलेली भर. पाइप ओढणारा सैतान, फिडल वाजवणारा सैतान, बायकोचा मार खाणारा सैतान, अक्रोड फोडायचा सैतान. मी हसत होते. वरच्या मजल्यावर परदेशांतून आलेले ठेवलेत. मेक्सिकोचा एक लाल शिंगवाला होता, त्याच्या शेजारी बालीचा सुळेवाला, आणि त्या दोघांच्या मध्ये काचेआड आपला संकासुर, बाबा शिमग्याला घालायचे तो मुखवटा.

काळ्या कापडाचा, टोकदार टोपीचा, बाहेर लोंबणाऱ्या लाल जिभेचा. अंबाडीची पांढरी दाढी. डाव्या डोळ्याखाली आईने घातलेला तो टाका, जो बाबांना कधी आवडला नाही, कारण त्यामुळे संकासुर एका बाजूने हसल्यासारखा दिसतो. तो अजून हसतोय, दादा. दाढीला बाबांच्या तंबाखूचा पिवळेपणा तसाच आहे. खाली कार्ड: ‘सैतानाचा मुखवटा. भारत. देणगी: श्रीकांत डिंगणकर, आम्स्टरडॅम.’

बस, एवढंच. बाबांचं नाव नाही, गावाचं नाही, संकासुराचंसुद्धा नाही. एकच नाव आहे, ते तुझं.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या वर्षश्राद्धाला तू गावी गेलास, माळा आवरलास आणि नंतर आम्हाला काय सांगितलंस ते आठवतं का? ‘मुखवट्याला वाळवी लागली होती, खाडीत सोडला.’ मी त्या दिवशी आईशी फोनवर होते. तिने डोक्यावरून अंघोळ केली होती. रडत नव्हती ती. ‘आज दुसऱ्यांदा गेले,’ एवढं म्हणाली आणि मग मला विचारलं, तिकडे थंडी आहे का गं.

आता माझं म्हणणं ऐक. मी तिथल्या बाईंना भेटले. त्यांचं नाव युर्गिता, संग्रह त्यांच्याकडे असतो. त्या म्हणाल्या, दिलेली वस्तू परत मागायची असेल तर देणाऱ्याने मागितली पाहिजे, मग विचार होईल. तर तू मागायची. लगेच. शिमग्याला पालखी निघायच्या आत तो मुखवटा वाडीत पोचला पाहिजे. बाबांनंतर सुबोधला तो घालायचा होता, तुला हे ठाऊक होतं. चुलतभाऊ असला तरी बाबांच्या मागे मागे नाचून तोच शिकला. तू त्याला म्हणालास, ‘मुखवटा गेला, मान सोडा आता.’ आणि त्या वर्षी आपल्या वाडीची पालखी संकासुराशिवाय फिरली.

पत्र मिळाल्यावर कळव. नाही कळवलंस तरी चालेल. तुझं काय करायचं ते मला सुचलंय.

मृण्मयी

ग्रोनिंगन, २ फेब्रुवारी

दादा,

तुझी ई-मेल आली. स्लोटरडाइकच्या ऑफिसातून पाठवलीस, खाली कंपनीचा लोगो आहे. कामाच्या वेळात मला चार ओळी लिहिल्यास म्हणजे चांगलाच हादरलायस.

तू लिहितोस: ‘मृण्मयी, प्लीज ओव्हररिअॅक्ट करू नकोस. तिथे प्रॉपर केसमध्ये आहे, ह्युमिडिटी कंट्रोल्ड. कोकणात बुरशी लागून फेकून दिला असता. आणि संकासुर हा शेवटी असुरच ना? मग डेव्हिल म्युझियमला दिला यात चूक काय झाली? एक रिक्वेस्ट, आईला यातलं काही सांगू नकोस.’

पहिली गोष्ट. बुरशी. बाबांनी तो मुखवटा उभी हयात वापरला. दर पावसाळ्यात आई तो चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगायची, धुराने कोरडा राहायचा. तुमच्या कंट्रोल्ड काचेपेक्षा ती चूल बरी होती.

दुसरी. असुर. इतकी वर्षं त्या घरात राहून तुला हे विचारावंसं वाटलं, याचंच मला जास्त वाटतं. पुराणात तो असुर असेल. आपल्या वाडीत तो अंगणात आला की बायका तान्ही मुलं त्याच्या पायाशी घालतात. ज्यांना मूल नाही त्या नवस बोलतात. पालखीबरोबर देव येतो आणि देवाच्या आधी हा येतो, घुंगरांचा पट्टा वाजवत. तू स्वतः त्याच्या नवसाचा आहेस, हे आई तुला दर वाढदिवसाला सांगते, आणि तू दर वेळी ‘हो हो’ म्हणून फोन मीनलवहिनीकडे देतोस. ज्याच्या पाया पडून तुला मागून घेतलं, त्याला तू सैतान म्हणून देऊन आलास. असली चूक कोणी डच माणूस करणार नाही, त्याने आधी कोणाला तरी विचारलं असतं. ही चूक करायला पुण्यात इंजिनिअरिंग झालेला आपलाच माणूस लागतो, ज्याला वाटतं की घरचं सगळं आपल्याला माहीतच आहे.

तिसरी गोष्ट, जी तू लिहिली नाहीस. तू तो मुखवटा कधी घातला नाहीस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिमग्याला आलास, तेव्हा बाबांचा गुडघा सुजला होता. त्यांनी पट्टा तुझ्यासमोर ठेवला. तू म्हणालास, ‘मित्र आलेत बरोबर, हसतील.’ बाबा उठले. गुडघ्याला फडकं बांधून स्वतः नाचले, आणि तुझ्या मित्रांनी अंगणात खुर्च्यांवर बसून फोटो काढले.

आणि चौथी, जी मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. मला सगळा नाच येत होता. मागच्या पडवीत सरावायचे. एकदा बाबांनी बघितलं. रागावले नाहीत, दारात उभं राहून शेवटपर्यंत बघितलं, हसले, आणि म्हणाले, ‘पाय चांगला पडतो गं. तुझ्या दादाचा असा पडायला हवा होता.’ मुलीने घालायचा नव्हताच तो, त्यामुळे मी मागितलाही नाही. तुला न मागता मिळत होता. तू घेतला नाहीस ते नाहीच, वर नेऊन मेक्सिकोच्या शेजारी ठेवलास, स्वतःच्या नावाची पाटी लावून. मला राग कसला येतो ते आता तरी कळलं का?

शेवटची ओळ तेवढी मी परत परत वाचली. ‘आईला सांगू नकोस.’ म्हणजे तुला भीती कशाची आहे ते तूच मला लिहून दिलंस. आभारी आहे. मला वाटत होतं, तुला तुझ्या मराठी मंडळाच्या लोकांची लाज असेल. पण तुझं दुखतं तिथेच, जिथे माझं दुखतं.

संग्रहालयाला पत्र लिही. शिमगा जवळ येतोय.

मृण्मयी

काउनस, १८ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र इथल्या जुन्या गावातल्या एका कॅफेत बसून लिहितेय. समोर टाउन हॉल आहे, पांढराशुभ्र, निमुळत्या मनोऱ्याचा, लोक त्याला पांढरा हंस म्हणतात. चौकात अजून राख आहे. रजा टाकून आले. तुझ्याकडून काही येत नाही म्हटल्यावर काय करणार.

काल इथे हिवाळ्याला हाकलून लावायचा सण होता. ते काय असतं हे मला माहीत नव्हतं, युर्गिताबाईंनी सांगितलं, ‘उद्या थांबा, तुम्हाला घरच्यासारखं वाटेल.’ मला वाटलं, उगीच बोलायचं म्हणून बोलतायत. दुपारी रस्त्यावर आले तर सैतानाचे मुखवटे घातलेली माणसं फिरतायत. लाकडी नाकं, मेंढीच्या कातड्याच्या मिश्या, उलटे कोट. दारोदार जातात, आरडाओरडा करतात, घरातली माणसं त्यांना पॅनकेक देतात. कुणी मुखवट्याआडून शेजाऱ्याला हवं ते बोलून घेतं आणि शेजारी हसतो, कारण आजच्या दिवशी रागवायचं नसतं. मी चौकात उभी राहून बघत होते आणि मला पाय आवरत नव्हते. आपल्याकडचं उन्हाळ्याच्या तोंडावर असतं, इथे पायाखाली बर्फ होतं, बाकी फरक नाही.

मग त्यांनी एक भली मोठी बाई आणली, पेंढ्याची, कपडे घातलेली. ती म्हणजे हिवाळा. तिला चौकाच्या मध्ये उभं करून पेटवलं. सगळे ओरडायला लागले. मला त्यांचं ओरडणं येत नाही. मला आपलं येतं. मी तोंडावर उलटा हात मारला आणि तुझ्या नावाने बोंब ठोकली, दादा. चांगली लांबलचक, बाबांसारखी, शेवटी श्वास तुटेपर्यंत. ‘श्रीकांताच्या बैलाला’ म्हणून पुढचं जे काही असतं ते सगळं म्हटलं. तू वाडीत ऐकलेलं आहेस, इथे लिहीत नाही, टपालाने पाठवण्यासारखं नाही ते.

शेजारच्या एका आजीने कौतुकाने माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, ‘ही तुमच्याकडची प्रार्थना आहे का?’ मी म्हटलं, हो, कुटुंबातल्या माणसासाठी असते. ती म्हणाली, फार मनापासून म्हणता तुम्ही. आणि मला तिच्या टोपलीतला पॅनकेक दिला. तुझ्या नावाने पोटात गेलेली ही पहिली गोड गोष्ट.

आज सकाळी पुन्हा संग्रहालयात गेले. युर्गिताबाईंनी कपाट उघडलं, मला हातमोजे दिले, आणि मी मुखवटा हातात घेतला. घालू द्याल का, असं विचारणार होते, विचारलं नाही. त्यांना टाका दाखवला, दाढी कशी बांधतात ते दाखवलं, संकासुर कोण ते सांगितलं. त्या सगळं लिहून घेत होत्या. म्हणाल्या, ‘आमचा सैतानही काही नुसता वाईट नसतो. शेतकरी त्याला फसवतात, तो रडतो, कधी कधी मदतही करतो. पण तुमचा सैतान नाहीच म्हणता?’ मी म्हटलं, नाहीच. मग त्या म्हणाल्या, तर कार्ड चुकीचं आहे, चुकीचं कार्ड आम्ही ठेवत नाही, नीट मजकूर लिहून द्या.

त्यांनी आणखी एक विचारलं. मुखवटा वडिलांचा होता, वडील गेले, मग देताना भावाने तुमची संमती घेतली होती का? मी म्हटलं, मला वाळवी सांगितली होती. वाळवी समजावून सांगायला बराच वेळ लागला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, यापुढे वस्तूचं काहीही करायचं, तर दोघांच्या संमतीशिवाय करणार नाही. तसं पत्र तुलाही येईल.

संध्याकाळी केबलने वर ओढल्या जाणाऱ्या छोट्या लाकडी गाडीने टेकडीवर गेले. वर एक पांढरंशुभ्र चर्च आहे. सोव्हिएत काळात त्यात रेडिओचा कारखाना होता, आता परत चर्च आहे, गच्चीवरून सगळं गाव दिसतं, दोन नद्या भेटतात तेही दिसतं. लोकांनी आपली वस्तू कशी परत मिळवली ते बघितलं आणि थोडी आशा वाटली. तुझी एक सही, दादा. अजूनही वेळ गेलेली नाही. सुबोध वाट बघतोय.

मजकुराचा विचार करतेय. कार्डावर जागा थोडीच असते.

मृण्मयी

ग्रोनिंगन, २७ फेब्रुवारी

दादा,

अखेर तू संग्रहालयाला पत्र लिहिलंस. युर्गिताबाईंनी मला त्याची प्रत पाठवली, कारण आता माझी संमती लागते. मी ते सायकल लावता लावता फोनवर वाचलं आणि सायकल तशीच आडवी पडली.

मला वाटलं होतं, तू मुखवटा वाडीसाठी मागितलास. तू लिहिलंयस की एकवीस मार्चला आम्स्टरडॅममध्ये मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम आहे, तू सांस्कृतिक समितीवर आहेस, ‘आमचा घरचा वारसा’ असा एक भाग आहे, आणि त्यात तुला स्टेजवर मुखवटा मांडायचा आहे. नंतर ‘कुटुंबाच्या संग्रहात’ ठेवायचा आहे. कुटुंबाचा संग्रह म्हणजे तुझ्या हॉलमधलं ते कपाट ना, ज्यात दिवे लावलेले वाइनचे ग्लास आहेत?

मंडळातल्या यतीनला मी ओळखते. त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘अगं, श्रीकांत म्हणालाय की तो स्वतः संकासुराचा नाच करून दाखवणार आहे. त्यांच्या घराण्याचा मान आहे म्हणे. मस्त होईल, नाही? तू येतेयस ना ट्रेनने?’ मी ‘बघते’ म्हणून फोन ठेवला.

तू नाचणार आहेस. बाबा असताना मित्र हसतील म्हणून नाही नाचलास, आणि आता त्यांच्या माघारी, गाद्यांच्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर नाचणार, टाळ्यांसाठी. स्टेप्स कुठून शिकतोयस? यूट्यूबवरून?

सुबोधशी काल बोलले. त्याचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते. ‘ताई, आमी नवा शिवलाव. काकीनंच कापड दिलान, तिच्या काळ्या साडीचा. आता तो जुना कशाला आणतेस लांबून. तकडं पण कोण तरी बघतंय ना त्याला? मग असू दे.’ काकी म्हणजे आई. आईने स्वतःची साडी फाडून दिली. तिला वाटतंय, जुना खाडीत गेला. सुबोध मुखवट्याचं खरं काय ते माझ्याकडून ऐकूनही तिच्यापाशी बोललेला नाही. शहाणा आहे तो, तुझ्यामाझ्यापेक्षा.

म्हणजे वाडीला आता त्याची गरज उरली नाही. मी जानेवारीपासून ज्यासाठी धडपडत होते, ते एका साडीने मिटवलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूमचा नळ सोडून रडले, घरमालकीण खाली असते म्हणून.

आणि मग माझं डोकं एकदम थंड झालं. वाडीला नको असेल, तर मुखवटा परत फक्त तुला हवाय. आणि माझ्या सहीशिवाय तो तुला मिळत नाही. मी सही करणार नाही. तो तिथेच राहील, मेक्सिको आणि बालीच्या मध्ये. तू स्टेजवर काय मांडायचंय ते मांड, वाइनचे ग्लास मांड.

कार्डाचा मजकूरही पाठवला. पहिल्यांदा मी लिहिलं होतं, ‘त्यांच्या मुलाने याला सैतान समजून इथे आणून सोडलं.’ युर्गिताबाईंनी ते नम्रपणे खोडलं. म्हणाल्या, आमच्या कार्डांवर भांडणं नसतात, नुसती माहिती असते. बरं, म्हटलं, नुसती माहिती देते. आता त्यांच्या भाषेत, इंग्रजीत आणि मराठीत असं लिहिलेलं असेल:

‘संकासुर. कोकण, महाराष्ट्र. शिमग्याच्या पालखीपुढे नाचणारा, नवसाला पावणारा. हा सैतान नाही. शिवला: कुमुदिनी डिंगणकर. आयुष्यभर घातला: हरिहर डिंगणकर. देणगी: त्यांचा मुलगा श्रीकांत, याने तो कधीही घातला नाही.’

यातला एक शब्द खोटा आहे का, सांग. असेल तर कळव, बदलून घेईन. गुगल मॅपवर लोक कार्डांचेसुद्धा फोटो टाकतात. आर्याला इंग्रजी वाचता येतं.

मृण्मयी

ग्रोनिंगन, १२ मार्च

दादा,

तुझे फोन आले. तुला माझा नंबर अनब्लॉक करता येतो, हे बघून बरं वाटलं. मी उचलले नाहीत. मीनलवहिनीचा मेसेज आला, ‘मृण्मयी, तो जेवत नाहीये नीट, प्लीज एकदा बोल.’ तिला माझ्या वतीने सॉरी सांग, तिचा यात काही संबंध नव्हता. यतीन म्हणाला, तू कार्यक्रमातून नाव काढून घेतलंस. कार्ड लागलं. युर्गिताबाईंनी फोटो पाठवलाय, काचेत संकासुर हसतोय आणि खाली तुझं नाव, अगदी स्वच्छ अक्षरात.

मला इथेच थांबता आलं असतं. पण तूच मला दाखवून दिलं होतंस ना, तुला कुठे लागतं ते. मी काल आईला फोन केला.

पालखी आदल्या दिवशी आपल्या अंगणात येऊन गेली होती. ती खूश होती. सुबोध कसा नाचला, नव्या मुखवट्याची जीभ जरा आखूड झाली, दीक्षितांच्या सुनेने बाळ पायाशी घातलं तर ते रडायचं सोडून दाढी ओढायला लागलं, सगळं सांगत होती. मी तिला बोलू दिलं. आणि मग सांगितलं. वाळवी खोटी होती, खाडी खोटी होती, बाबांचा संकासुर लिथुआनियात आहे, सैतानांच्या संग्रहालयात, दादाने दिला. कार्ड वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य मी सावकाश वाचलं, दादा. तिला ऐकू कमी येतं म्हणून नाही.

मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता रडेल, आता तुझं नाव घेऊन काहीतरी बोलेल, जे मला इतकी वर्षं ऐकायचं होतं. ती म्हणाली, ‘त्याचं नाव काढायला सांग गं त्यावरचं. माझं घालायला सांग. मीच दिला होता त्याला.’

मी म्हटलं, ‘आई, काय बोलतेस?’

‘मीच म्हटलं, घेऊन जा तिकडे, चांगल्या ठिकाणी ठेव, इथे पडून काय करायचाय. तो बिचारा माझ्यासाठी घेऊन गेला.’

‘मग डोक्यावरून अंघोळ कशाला केलीस? दुसऱ्यांदा गेले म्हणालीस, मी ऐकलंय.’

‘केली असेन. म्हातारपण आहे, विसरायला होतं.’

आई विसरते? शेजारच्या गाईला वासरू कुठल्या तिथीला झालं ते तिला आठवतं. तुझा कुठला दात कधी पडला ते आठवतं. ती खोटं बोलत होती, आणि ते किती वाईट जमतंय हे तिलाही कळत होतं, तरी बोलत राहिली. मग मला म्हणाली, ‘तू त्याच्यावर रागावू नकोस. तो हळवा आहे. तू घट्ट आहेस, तुझी मला कधी काळजी वाटली नाही.’ आणि विचारलं, तिकडे थंडी कमी झाली का.

मी तिला सांगितलं, हो, नाव बदलून घेते. घेणार नाही. कार्डावर तुझंच नाव राहील आणि आईने शिवला तेवढंच तिचं राहील, कारण तेवढंच खरं आहे. म्हणजे आता घरातले सगळेच खोटं बोलून मोकळे झाले. तू स्वतःसाठी बोललास. ती तुझ्यासाठी बोलली. मी तिच्याशी बोलले, तुझं नाव त्या काचेखाली राहावं म्हणून.

हे तुला लिहितेय ते तुला बरं वाटावं म्हणून नाही. हे तुला कळायलाच हवं, आणि कळल्यावर तुला झोप लागू नये, अशी माझी इच्छा आहे. दुसऱ्यांदा विधवा केलंस तिला, आणि ती त्याचा दोष अंगावर घ्यायला एका क्षणात तयार झाली. विचारलंसुद्धा नाही की त्याने असं का केलं. जाऊन तिच्या पायाशी बस, किंवा नको बसू, तुझं तू बघ. मी तुझा पाठलाग आता सोडला.

मी जिंकले, दादा. तुझं सगळं मी उघड्यावर आणलं. फक्त काल फोन ठेवल्यापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. तुझ्या जागी मी असते, मी तो मुखवटा नेऊन दिला असता, तर आई माझ्यासाठी असं खोटं बोलली असती का? मला उत्तर माहीत आहे. याचा सूड कुणावर घ्यायचा, तेवढं मला सुचत नाही.

मृण्मयी